सही कुणाच्या कागदावर? चीनमधल्या बिशपांचे कोडे

ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅटिकन आणि चीन सरकार यांनी आपल्या एका कराराची मुदत चार वर्षांनी वाढवली. करार मूळचा २२ सप्टेंबर २०१८ चा. त्यानंतर २०२० आणि २०२२ मध्ये दोन-दोन वर्षांची वाढ झाली होती. विषय एकच, चीनमधल्या कॅथलिक बिशपांच्या नेमणुका. मजकूर मात्र दोघांपैकी कुणीही जाहीर केलेला नाही. दोघांत राजनैतिक संबंध नाहीत, व्हॅटिकनची वकिलात आजही तैपेईत आहे, आणि तरी करार टिकून आहे. हाँगकाँगचे निवृत्त बिशप कार्डिनल जोसेफ झेन त्याच्यावर उघड तुटून पडतात, तर व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल पारोलिन त्याचे तितक्याच चिकाटीने समर्थन करतात.

बातमी वाचणाऱ्याला कोडे पडते ते वेगळेच. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदाला कुठलाही धर्म पाळायची मुभा नाही. मग अशा पक्षाला कुठल्या शहरात कोण बिशप होतो याची एवढी पडलेली का असावी?

## सगळे बिशपपाशीच का अडते

कॅथलिक चर्चची मांडणी प्रदेशवार असते. अशा एका प्रदेशाला धर्मप्रांत म्हणतात आणि त्याचा प्रमुख तो बिशप, वसईकर ज्यांना महागुरुस्वामी म्हणतात ते. फादरना दीक्षा देणे, त्यांच्या बदल्या, सेमिनरी (फादर घडवणारी शाळा), मालमत्ता, सगळ्यावर शेवटचा शब्द त्यांचा. बिशप नसेल तर नवे फादर घडत नाहीत आणि फादर नसतील तर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होत नाही. बिशप ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत पुढची पिढी, हे पक्षाला नीट कळते. एवढ्या मोठ्या रचनेची सूत्रे परदेशात, रोममध्ये असावीत हे त्याला कधीच रुचलेले नाही.

नवा बिशप घडतो तो आधीच्या बिशपांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवल्याने. प्रथेनुसार दीक्षा देणारे बिशप तीन असतात आणि आदेश पोपचा लागतो. आता बारकावा पाहा. पोपचा आदेश नसताना खऱ्या बिशपांनी दीक्षा दिली, तर चर्चच्या नियमाप्रमाणे ती वैध असते, पण बेकायदा. तो माणूस बिशप झालेला असतो, त्याने दीक्षा दिलेले फादरही खरे फादर असतात, मात्र दीक्षा देणारा आणि घेणारा दोघेही बहिष्कृत होतात. ही शिक्षा रोमने १९५१ मध्ये ठरवली ती चीन डोळ्यांसमोर ठेवूनच. एप्रिल १९५८ मध्ये हान्कौ इथे दोघांना पोपच्या आदेशाविना बिशपपदाची दीक्षा दिली गेली आणि नियम प्रत्यक्षात लागू झाला.

पुढची साठ वर्षे चीनमध्ये तीन तऱ्हेचे बिशप नांदले. काही फक्त सरकारला मान्य, काही फक्त रोमला मान्य आणि म्हणून भूमिगत. काहींनी आधी सरकारची मान्यता घेतली आणि मग गुपचूप रोमकडे निरोप धाडून पोपचीही मिळवली. या तिसऱ्या गटाची संख्या १९८० नंतर वाढत गेली. त्यामुळे 'सरकारी चर्च म्हणजे पोपविरोधी चर्च' हे समीकरण कॅथलिकांच्या बाबतीत फारसे खरे उरले नाही.

## नोंदणी म्हणजे नेमके काय

चीनमध्ये सरकारमान्य धर्म पाच आहेत: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. शेवटचे दोन सरकारी दप्तरात वेगवेगळे धर्म आहेत आणि सामान्य चिनी माणूसही ते तसेच समजतो. प्रत्येक धर्माला सरकारमान्य संघटना आहे. कॅथलिकांची देशभक्त संघटना १९५७ मध्ये स्थापन झाली, तर प्रोटेस्टंटांची 'तीन-स्व' चळवळ १९५४ पासून रीतसर सुरू आहे. स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही तिची तीन सूत्रे. मार्च २०१८ मध्ये धर्मखाते सरकारकडून काढून थेट पक्षाच्या 'संयुक्त आघाडी' विभागाखाली नेण्यात आले.

धर्मविषयक सुधारित नियम १ फेब्रुवारी २०१८ पासून लागू झाले. उपासनेची जागा नोंदलेली हवी आणि सामूहिक उपासना तिथेच व्हायला हवी. धर्मगुरूकडे प्रमाणपत्र हवे. परदेशातून एक लाख युआनपेक्षा मोठी देणगी घ्यायची तर आधी परवानगी लागते. नोंदणीबाहेरच्या उपासनेला जागा देणाऱ्याला, प्रकरण गंभीर ठरले तर, २० हजार ते २ लाख युआन दंड होऊ शकतो. सगळ्यात परिणामकारक कलम हेच. पाळकाला, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूला, अटक केली की बातमी होते. घरमालकाने भाडेकरार रद्द केला तर कुठेच काही छापून येत नाही, आणि मंडळी मात्र रस्त्यावर येते.

कॅथलिक फादरचा पेच प्रमाणपत्राच्या अर्जापाशी सुरू होतो. चर्च 'स्वतंत्र, स्वायत्त आणि स्वयंशासित' असल्याचे तत्त्व त्याने सहीनिशी मान्य करायचे असते. स्वतंत्र कुणापासून, हे कागदावर स्पष्ट नसते, पण रोख कुणाकडे आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. जून २०१९ मध्ये व्हॅटिकनने यावर एक मार्गदर्शिका काढली. सही करताना 'कॅथलिक शिकवणुकीशी निष्ठा राखून' अशा अर्थाची ओळ लिहून जोडावी. ते करू दिले नाही तर निदान तोंडी सांगावे, जमल्यास साक्षीदारासमोर, आणि आपल्या बिशपला कळवावे. ज्याची सदसद्विवेकबुद्धी तयार नसेल त्याने सही करू नये, त्याला कुणी दोष देऊ नये.

मार्गदर्शिका समंजस आहे, पण तिची अंमलबजावणी दुसऱ्याच बाजूच्या हातात आहे. फूच्येन प्रांतातल्या मिन्दोंग धर्मप्रांतात काय झाले ते पाहा. तिथले भूमिगत बिशप क्वो शीचिन रोमच्या विनंतीवरून मुख्य पदावरून उतरून सहायक बिशप झाले, म्हणजे २०१८ च्या करारासोबत ज्यांचा बहिष्कार उठला त्या सरकारमान्य बिशपांना जागा मिळावी. क्वो यांनी अर्जावर सही दिली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी सगळ्या जाहीर जबाबदाऱ्या सोडल्या.

## हा तिढा जुना आहे, आणि वाट गोव्यातून जाते

फूआन हे शहर याच मिन्दोंग धर्मप्रांतातले. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी चीनमधल्या ख्रिस्ती धर्माचे सर्वांत मोठे भांडण पेटले ते याच फूआनच्या परिसरात.

त्याआधीची पार्श्वभूमी थोडी. सेंट फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्यालगत शांगच्वान बेटावर डिसेंबर १५५२ मध्ये वारले. मुख्य भूमीवर त्यांना पाऊल टाकता आले नाही. त्यांचा देह गोव्यात आहे हे आपल्याला माहीत असते, मरण चीनच्या उंबरठ्यावर आले हे सहसा नसते. त्याच वर्षी इटलीत जन्मलेला मात्तेओ रिची १५७८ मध्ये गोव्यात उतरला, आणि मधला काही काळ कोचीनला घालवून १५८२ मध्ये मकावला गेला. पुढे मराठीत ओवीबद्ध पुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले, म्हणजे हे दोघे जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे फादर) एकाच काळात तिथे होते. परक्या भाषेत नुसते भाषांतर करून भागणार नाही, त्या समाजाच्या वाङ्मयात शिरावे लागेल, हे दोघांनीही आपापल्या ठिकाणी करून दाखवले.

रिचीने चीनमध्ये आधी बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. भिक्षूंना तिथल्या विद्वानांत मान नाही हे उमगल्यावर १५९५ मध्ये त्याने तो टाकून कन्फ्यूशियन पंडिताचा झगा चढवला आणि दाढी वाढवली. १६०१ मध्ये त्याला पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग) राहण्याची परवानगी मिळाली. शू ग्वांगची या दरबारी विद्वानाच्या मदतीने त्याने युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके चिनीत आणली.

मग प्रश्न आला पूर्वजांचा. चिनी घरात पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी असते. तिच्यापुढे उदबत्ती लावतात, अन्न ठेवतात, जमिनीला कपाळ टेकवतात. ही पूजा की आदर? आपल्याकडे आजोबांच्या तसबिरीला हार घालून समोर उदबत्ती लावणाऱ्या नातवाला हाच प्रश्न विचारून पाहा. तो बहुधा गोंधळेल, कारण त्याने या दोन गोष्टी कधी वेगळ्या केलेल्याच नसतात. रिचीचा कौल होता की हा नागरी आदर आहे, बाप्तिस्मा घेतलेल्याने तो चालू ठेवायला हरकत नाही.

१६३० च्या दशकात फिलिपिन्समार्गे आलेले डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या दोन धर्मसंघांचे फादर फूआनच्या गावांत काम करू लागले. त्यांनी जे पाहिले ते वेगळे होते. गावकरी पाटीपुढे पीकपाणी आणि आरोग्य मागत होते. जेझुइट पंडितांच्या बैठकीत वावरत होते, हे शेतकऱ्यांच्या घरात. दोघांचेही निरीक्षण बरोबर होते आणि रोमला तक्रारी दोन्ही बाजूंनी गेल्या. १६४५ मध्ये रोमने विधींवर बंदी घातली, १६५६ मध्ये जेझुइटांचे म्हणणे ऐकून सूट दिली, आणि १७०४ मध्ये पुन्हा बंदीचा निर्णय घेऊन १७१५ मध्ये तो पक्का केला.

दरम्यान कांग्शी सम्राटाने १६९२ मध्ये ख्रिस्ती उपासनेला मुभा दिली होती. रोमचा दूत तूर्नों पेकिंगला येऊन चिनी विधी कसे चुकीचे आहेत हे सांगू लागला तेव्हा सम्राट बिघडला. १७०६ मध्ये त्याने हुकूम काढला की रिचीच्या रीतीने वागेन असे मान्य करून परवाना घेणाऱ्या मिशनऱ्यानेच चीनमध्ये राहावे. १७४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी नेमकी उलट शपथ सक्तीची केली: चिनी विधींना परवानगी देणार नाही, अशी. दोन मालक, दोन कागद, आणि मधोमध फादर. २०१९ ची मार्गदर्शिका वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

दोनच वर्षांनी, १७४४ मध्ये, मदुराईत रॉबर्तो दे नोबिली यांनी संन्याशाच्या वेषात सुरू केलेल्या तशाच प्रयोगाशी जोडलेल्या रीतींवरही रोमने बंधने घातली. गोव्यात तर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानाने लग्नातल्या हळदीपासून दारच्या तुळशीपर्यंत सगळ्याला मनाई केलीच होती. चीनमधली बंदी उठली थेट डिसेंबर १९३९ मध्ये. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे चिनी कॅथलिकाला आईबापाच्या पाटीपुढे वाकता येत नव्हते, ज्या समाजात त्याहून मोठे कर्तव्य नाही.

## 'परक्यांचा धर्म' हा शिक्का खोटा होता का

पूर्ण खोटा नव्हता. ख्रिस्ती धर्म चीनमध्ये तसा सातव्या शतकातच, ६३५ मध्ये, इराणमार्गे पोहोचला होता. शीआनमधला ७८१ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. पण चिनी माणसाच्या आठवणीत ठसला तो एकोणिसाव्या शतकातला ख्रिस्ती धर्म. अफूच्या युद्धांनंतरच्या तहांनी, विशेषतः १८५८ आणि १८६० च्या, मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात फिरण्याचा हक्क मिळवून दिला. फ्रान्स कॅथलिक मिशनांचा पालक बनला. गावातल्या खटल्यात ख्रिस्ती पक्षकाराच्या मागे परदेशी वकिलात उभी राहू लागली. 'एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला' ही म्हण या रागातून आली आणि १९०० च्या बॉक्सर बंडात मिशनरी आणि हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले.

चर्चच्या आतही चित्र फार वेगळे नव्हते. पहिला चिनी बिशप लुओ वेन्झाओ (हाही फूआनचाच) १६८५ मध्ये झाला. त्यानंतरचे चिनी बिशप थेट १९२६ मध्ये झाले, जेव्हा पोप अकरावे पायस यांनी सहा जणांना रोममध्ये दीक्षा दिली. मधली दोनशेहून अधिक वर्षे चीनमधल्या कॅथलिकांवर फक्त परदेशी बिशप होते. पक्षाच्या प्रचाराला यापेक्षा सोयीचा मुद्दा शोधूनही सापडला नसता.

गंमत म्हणजे 'तीन-स्व' हे सूत्र पक्षाने शोधलेले नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या दोन मिशनप्रमुखांचे, इंग्लंडच्या हेन्री व्हेन आणि अमेरिकेच्या रूफस अँडरसन यांचे. अँडरसन ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे सचिव होते, त्याच बोर्डाचे मराठी मिशन मुंबईत आणि अहमदनगरला काम करत होते, आणि १८५४-५५ मध्ये ते स्वतः इकडे पाहणीला आले होते. स्थानिक मंडळीने आपला कारभार, खर्च आणि प्रसार स्वतः पाहावा, हे त्यांचे म्हणणे. याच मिशनमध्ये नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक भजन-कीर्तनातून ख्रिस्त गाऊ लागले. चीनमध्ये १९५० नंतर याच सूत्राचा अर्थ 'परदेशाशी संबंध तोडा आणि पक्षाचे ऐका' असा लावला गेला.

## प्रोटेस्टंटांचे गणित वेगळे

प्रोटेस्टंटांना रोम नाही, त्यामुळे करारही नाही. 'तीन-स्व'त न गेलेल्या मंडळ्यांना गृहमंडळ्या म्हणतात. काही खरोखर घरात भरतात, काही शहरांत ऑफिसच्या इमारतीत मजला भाड्याने घेतात. त्यांच्या वतीने सरकारशी बोलणी करील असा कुणी एक प्रमुख नाही. त्यामुळे त्यांना एकदम दडपणेही अवघड जाते, आणि त्यांचे रक्षण करणेही.

'हे सगळे परदेशी पैशाने वाढले' हा आक्षेप इथे टिकत नाही. १९४९ मध्ये प्रोटेस्टंट दहा लाखांच्या आत होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी मिशनरी गेले, १९६६ ते १९७६ या काळात जवळजवळ सगळी चर्चे बंद होती. सरकारच्या २०१८ च्या श्वेतपत्रिकेत मात्र प्रोटेस्टंटांचा आकडा ३ कोटी ८० लाख आहे आणि कॅथलिकांचा ६० लाख. बाहेरचे अंदाज कुठे याच्या निम्मे, कुठे दुप्पट असतात, कारण नोंदणीबाहेरचा माणूस सर्वेक्षणात काय उत्तर देईल याचा भरवसा नाही. वाढ झाली ती मिशनरी गेल्यानंतर, हनान, आन्ह्वी, झच्यांग अशा प्रांतांच्या खेड्यांत, बहुतांशी स्थानिक बायाबापड्यांच्या तोंडून.

बायबलचा तुटवडाही नाही. नानचिंगमधला अ‍ॅमिटी छापखाना १९८७ पासून ती छापतो. ती विकली जाते फक्त नोंदणीकृत चर्चमधून. एप्रिल २०१८ मध्ये ऑनलाइन दुकानांतून बायबल गायब झाले.

कारवाईची नोंद मोठी आहे. झच्यांगमध्ये २०१४ ते २०१६ या काळात हजाराहून अधिक क्रूस उतरवले गेले, आणि तेही बहुतांशी नोंदणीकृत चर्चांवरून. छंगदूच्या एका गृहमंडळीचे पाळक वांग यी यांना डिसेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेकिंगच्या झायन मंडळीच्या पाळकांसह अनेकांना धरले गेले.

पूर्वजांचा प्रश्न या मंडळ्यांत आजही जिवंत आहे, विशेषतः वडिलांच्या अंत्यविधीला. थोरल्या मुलाने उदबत्ती धरायची असते. ख्रिस्ती मुलगा ती धरत नाही, तेव्हा नातेवाईक त्याला कृतघ्न म्हणतात. रुळलेली तडजोड अशी: पाटीऐवजी फोटो, उदबत्तीऐवजी फुले, साष्टांगाऐवजी कमरेतून वाकून नमस्कार, आणि मृतासाठी कागदी नोटा जाळणे अजिबात नाही. छिंगमिंगच्या सणाला कबर झाडायला मात्र तो सगळ्यांच्या आधी जातो. तैवानमध्ये कॅथलिकांनी वेगळी वाट धरली. १९७१ मध्ये कार्डिनल यू पिन यांनी नववर्षाच्या वेळी पूर्वजवंदनेचा विधी जाहीरपणे केला.

## मग पोपनी शरणागती पत्करली का

सरकारला बिशपांच्या निवडीत वाटा देणे कॅथलिक चर्चला नवे नाही. त्यासाठी मुंबईचेच उदाहरण पुरे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडचे बिशप सुचवण्याचा हक्क, पद्रोआदो, रोमनेच दिला होता. त्यातून मुंबईत एकाच शहरावर दोन अधिकार चालले, एक पोर्तुगालचा आणि एक थेट रोमचा, आणि चर्चांच्या ताब्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. १९२८ च्या तडजोडीने ठरले की मुंबईचा आर्चबिशप आलटूनपालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल. मुंबईकर कॅथलिकांना कुणी विचारले नाही. पोर्तुगालने हक्क सोडला तो १९५० मध्ये, आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

फरक आहे तो नेमणाऱ्याच्या हेतूत. पोर्तुगालच्या राजाला चर्च आपल्या ताब्यात हवे होते, पण ते वाढायलाही हवे होते. चिनी पक्षाला ते वाढावे असे वाटण्याचे कारण नाही.

करारातले जे बाहेर आले आहे त्यानुसार उमेदवार चीनमध्ये ठरतो, आणि शेवटचा होकार पोपचा. एप्रिल २०२३ मध्ये मात्र शांघायला बिशप शन पिन यांची बदली चीनने परस्पर केली. तीन महिन्यांनी पोप फ्रान्सिस यांनी तिला मान्यता दिली आणि व्हॅटिकनने नाराजीही नोंदवली. दुसऱ्या पारड्यात हे टाका: आज चीनमध्ये पोपशी तुटलेला बिशप उरलेला नाही. १९५८ पासून हे कधी शक्य झाले नव्हते. माझ्या मते रोमने मिळवले ते खरे आहे, पण किंमत भूमिगत लोकांनी मोजली, ज्यांनी वाटाघाटीच्या टेबलाजवळ कधी खुर्ची पाहिली नाही.

## रिचीने केले तेच पक्ष करत नाही का

'धर्माचे चिनीकरण' ही पक्षाची २०१५ पासूनची घोषणा. चिनी छपरांची चर्चे, चिनी चाली, चिनी चित्रकला यांवर कुणाचा आक्षेप नाही, ते अनेकांनी पूर्वीच केले आहे. पण २०१८ पासून प्रार्थनास्थळांत राष्ट्रध्वज, कायदे, पक्षाची मूल्ये आणि पारंपरिक संस्कृती या चार गोष्टी 'नेण्याची' मोहीम सुरू झाली. रिचीच्या चिनीकरणात ख्रिस्ताला चिनी माणसाच्या घरी न्यायचे होते. या चिनीकरणात चर्चमध्ये पक्षाला जागा हवी आहे. 'मला हे पटत नाही' म्हणण्याची सोय आहे का, एवढे विचारले तरी दोन्ही निराळे काढता येतात. अर्थात कांग्शीच्या परवान्यात ती सोय नव्हती, आणि १७४२ च्या शपथेतही नव्हती.

## पुढे काय पाहायचे

पहिली गोष्ट नकाशा. रोमचे धर्मप्रांत १९४६ च्या आखणीवर आधारलेले, सरकारने ते आपल्या प्रशासकीय हद्दींप्रमाणे बदलले. जुलै २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी ह्पै प्रांतातले दोन जुने धर्मप्रांत रद्द करून झांगच्याखौ हा नवा स्थापन केला, म्हणजे सरकारचा नकाशा तिथे मान्य केला. असे आणखी किती होतात ते पाहावे.

दुसरी गोष्ट मुलांची. अनेक प्रांतांत १८ वर्षांखालच्यांना चर्चच्या दारावरच अडवले जाते, सुट्टीतले धर्मशिक्षणाचे वर्ग बंद आहेत. व्हॅटिकनचा करार फक्त बिशपांपुरता असल्याचे सांगितले जाते, तेव्हा हा विषय त्याच्या कक्षेबाहेरचा. झांगच्याखौला नवा बिशप मिळाला. त्याच्या सेमिनरीत दहा वर्षांनी कोण येईल हे ठरते ते आज दारावर उभ्या असलेल्या माणसाकडून. कराराची चालू मुदत ऑक्टोबर २०२८ मध्ये संपते.